जुन्या ट्रकचा पुढचा आस : बळकटी कोठे आणि किती?

बैलगाडीचा आस तुम्ही पाहिला असेल. काही भागांत त्याला आख म्हणतात. या आखाला एकच काम असते, ते म्हणजे ओझे पेलण्याचे. गाडी ओढायची बैलांनी आणि वळवायचीही बैलांनीच. सायकलच्या पुढच्या चाकाकडे याहून थोडे जास्त काम असते. ते ओझे पेलते, वळते आणि ब्रेक लावला की थांबतेही. पण जोर लावून सायकल पुढे ढकलण्याचे काम मात्र मागच्या चाकाचे. आपल्या रस्त्यांवरून मालाची ने-आण करणाऱ्या साध्या ट्रकमध्येही कामाची वाटणी अशीच असते. एंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो आणि पुढची चाके गाडी वळवतात.

आता अशी गाडी घ्या की जिच्या चारही चाकांना एंजिनाचा जोर मिळतो. चिखल, वाळू, दगडधोंडे यांतून वाट काढण्यासाठी जीपसारख्या गाड्यांत ही सोय केलेली असते. अशा गाडीच्या पुढच्या आसाला ओझे पेलणे, चाके वळवणे, चाके फिरवणे आणि ब्रेकचा हिसका सहन करणे ही चारही कामे एकाच वेळी करावी लागतात. म्हणून साऱ्या गाडीत सर्वांत गर्दीची जागा हीच होय.

अशी एखादी गाडी जुनी झाली, की तिचा हौशी मालक पुढचा आस आणि स्टिअरिंग अधिक बळकट करण्याच्या मागे लागतो. “जे तुटेल ते जाड करावे,” असे आपल्याला सहज वाटते. पण पदार्थविज्ञानाचे उत्तर इतके सोपे नाही. ते काय आहे, हे आपण एका खऱ्या ट्रकच्या उदाहरणावरून पाहू.

एक खरा ट्रक

जगात हायलक्स या नावाने ओळखला जाणारा टोयोटा कंपनीचा छोटा ट्रक १९७९ साली अमेरिकेत चारही चाकांना जोर देणाऱ्या रूपात विक्रीला आला. १९८५ पर्यंत त्याचा पुढचा आस अखंड होता. अखंड म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत पोलादाची एकच पोकळ नळी, आणि ती पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेली. १९८६ पासून कंपनीने अमेरिकेतील ट्रकला प्रत्येक पुढच्या चाकाची वेगळी झुलण्याची रचना दिली. रस्त्यावरच्या प्रवासाला ही नवी रचना अधिक सुखाची होती. पण दगडधोंड्यांतून गाडी नेणाऱ्या हौशी लोकांना जुना अखंड आसच पसंत पडला, कारण तो दणकट होता, साधा होता आणि दुरुस्तीला सोपा होता. त्यामुळे १९७९ ते १९८५ या काळातील हे ट्रक अमेरिकेत आजही जपले जातात आणि त्यांच्या पुढच्या आसात नाना प्रकारचे फेरफार केले जातात.

हे फेरफार बहुधा एका साध्या इच्छेतून सुरू होतात. दगडांवरून सहज जाता यावे म्हणून मालकाला मोठे टायर हवे असतात. मोठे टायर बसण्यासाठी स्प्रिंगा उंच कराव्या लागतात. स्प्रिंगा उंच केल्या की स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात. टायर मोठे झाले की आसावरचा पीळ वाढतो आणि ब्रेक कमी पडतात. मालक एक वस्तू बदलायला निघतो आणि अख्खी साखळी हलते. या साखळीतील एकेक कडी आता तपासू.

वाकून फिरणारा दांडा

पोकळ आसाच्या आतून एक भरीव दांडा चाकापर्यंत जातो आणि चाक फिरवतो. पण चाक वळते तेव्हा या दांड्याला टोकापाशी कोन करून वाकावे लागते आणि वाकलेल्या स्थितीत फिरतही राहावे लागते. हे कसे साधायचे?

यावरचा जुना उपाय म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. इटालियन पंडित कार्दानो (१५०१–१५७६) याचे नाव या सांध्याला दिले जाते. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली आपल्या उपकरणांच्या वर्णनात तो मांडला. दोन दांड्यांच्या टोकांना दोन चिमटे असतात आणि त्यांच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा एक तुकडा असतो. गॅरेजमध्ये या तुकड्याला ‘क्रॉस’ म्हणतात. ट्रकच्या खाली वाकून पाहा. गिअरपेटीपासून मागच्या आसाकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या टोकांना हा क्रॉस दिसेल.

या सांध्यात एक खोड आहे. दोन दांड्यांमध्ये कोन असला, तर पहिला दांडा एकसारख्या गतीने फिरत असूनही दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात त्याची गती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. कोन θ असेल, तर ही गती मूळ गतीच्या cos θ पटीपासून १/cos θ पटीपर्यंत बदलते. कोन ३० अंशांचा धरा. पहिला दांडा मिनिटाला १०० फेरे या गतीने फिरत असेल, तर दुसऱ्याची गती ८६.६ पासून ११५.५ पर्यंत खालीवर होत राहील. चाकाला असे हिसके बसले की ते स्टिअरिंगमार्गे थेट चालकाच्या हातापर्यंत पोहोचतात.

यावर तोड म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समगती सांधे निघाले. अभियंता आल्फ्रेड झेप्पा याच्या नावाने ओळखला जाणारा सांधा त्यांपैकी सर्वांत यशस्वी ठरला. आपल्या ट्रकमध्ये याच जातीचा सांधा आहे. त्यात क्रॉसऐवजी पोलादाच्या सहा गोळ्या असतात. आतल्या आणि बाहेरच्या वाटीत कोरलेल्या वक्र खाचांमधून त्या सरकतात. दोन दांड्यांमधल्या कोनाला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच गोळ्या राहतील, अशी खाचांची रचना केलेली असते. या प्रतलात एक आरसा ठेवला आहे अशी कल्पना करा. एका बाजूचा दांडा हा दुसऱ्या बाजूच्या दांड्याचे प्रतिबिंबच ठरेल. दोन्ही बाजू सममित असल्याने दोघांची गती क्षणोक्षणी सारखीच राहते. हिसका उरत नाही.

हा सांधा ग्रीसने भरलेल्या एका पोकळ गोलात बसवलेला असतो. गोलाच्या तोंडाशी रबर आणि नमद्याची पट्टी चिखल आत येऊ देत नाही. जुन्या गाडीत ही पट्टी झिजते. मग चिखल-पाणी ग्रीसमध्ये मिसळते आणि वंगणाची जागा घासणारा लगदा घेतो. म्हणून जुन्या आसाची पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे तो उघडणे, धुणे, झिजलेल्या पट्ट्या व बेअरिंगे बदलणे आणि ताजे ग्रीस भरणे. नवे बळकट भाग याच्यानंतर.

मोठ्या टायरचे गणित

बल गुणिले भुजा म्हणजे परिबल, हे तुम्ही शिकला आहात. पान्याची दांडी लांब असली की नट सहज सुटतो तो यामुळेच. चाकाच्या बाबतीत ही भुजा म्हणजे चाकाची त्रिज्या.

समजा, ट्रकच्या मूळ टायरची त्रिज्या ३६ सेंमी. आहे आणि मालकाने ४४.५ सेंमी. त्रिज्येचे टायर बसवले. एका पुढच्या चाकावर ४५० किलोग्रॅमचा भार आहे, म्हणजे सुमारे ४,५०० न्यूटन बल आहे. टायर आणि खडक यांच्यातील घर्षणांक ०.८ धरला, तर चाक घसरण्यापूर्वी जमीन त्याला जास्तीत जास्त ३,६०० न्यूटन बल लावू शकते. हे बल पेलताना आतल्या दांड्यावर येणारे परिबल असे:

मूळ टायर : ३,६०० × ०.३६ = १,२९६ न्यूटन-मीटर
मोठे टायर : ३,६०० × ०.४४५ = १,६०२ न्यूटन-मीटर

दांडा तोच राहिला, पण त्याच्यावरचा पीळ सुमारे २४ टक्क्यांनी वाढला.

एंजिनाची बाजूही पाहू. एंजिनाचे परिबल १७० न्यूटन-मीटर धरा. पहिला गिअर ते सुमारे ४ पट करतो, डोंगरी वाटांसाठी असलेली दुसरी गिअरपेटी २.३ पट करते आणि आसातील दंतचक्रे पुन्हा सुमारे ४ पट करतात. गुणाकार सुमारे ६,२५० न्यूटन-मीटर येतो. एरवी हे परिबल चार चाकांत वाटले जाते. शिवाय जमिनीची पकड सुटली की चाक घसरते आणि दांडा वाचतो. पण एखादे चाक दोन दगडांच्या फटीत अडकले तर ते घसरू शकत नाही. तशात मालकाने डिफरन्शिअलला कुलूप लावण्याची सोय केलेली असेल, तर बहुतेक सारा पीळ त्या एकाच चाकाच्या वाट्याला येतो. त्यातही स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असेल, तर सांधा आपल्या सर्वांत दुबळ्या स्थितीत असतो, कारण मोठ्या कोनात सहाही गोळ्यांवर भार सारखा पडत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की टणकन आवाज होतो आणि सांधा फुटतो.

घनाचा फायदा

मग दांडा किती जाड करायचा? येथे गणित आपल्या मदतीला येते. गोल भरीव दांड्याची पीळ सोसण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर ताकद १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३ पट होते. वजन मात्र फक्त १.२१ पट होते. आपल्या उदाहरणातील २४ टक्के वाढ व्यासातील थोड्याशा वाढीने भरून निघते.

पण बाहेरच्या गोलात जागा ठरलेली असते आणि व्यास फार वाढवता येत नाही. तेव्हा दुसरी वाट म्हणजे धातू बदलणे. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचे, योग्य प्रकारे तापवून थंड केलेले सांधे आणि दांडे अशा ट्रकांसाठी मिळतात. त्यांचे माप जुनेच असते, पण ताकद जास्त असते.

आसातील दंतचक्रेही बहुधा बदलावी लागतात. मोठ्या टायरमुळे गाडी जणू वरच्या गिअरमध्ये चालू लागते आणि चढावर दमते. म्हणून ४.१ या गुणोत्तराऐवजी ४.८८ किंवा ५.२९ गुणोत्तराची चक्रे बसवतात. आपले टायर १.२४ पट मोठे आहेत. या दोन गुणोत्तरांनी मिळणारी वाढ अनुक्रमे १.१९ आणि १.२९ पट येते. गेलेला जोर परत मिळतो, पण तो दांड्यावरचा पीळ वाढवूनच.

येथे आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, ब्रेकच्या चकतीवर पूर्वीइतकेच परिबल मिळत असेल, तर जमिनीवरचे थांबवणारे बल त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणजे पायाचा जोर तोच असताना ब्रेक सुमारे १९ टक्क्यांनी दुबळा होतो. दुसरी, वेगदर्शक काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नव्हे. चक्रे बदलली नाहीत, तर काटा ताशी ६० किलोमीटर दाखवत असताना गाडीचा खरा वेग ताशी ७४ किलोमीटर असेल. ब्रेक दुबळा झालेला आणि वेग कमी वाटणारा, अशी ही जोडगोळी किती धोक्याची आहे हे सांगायला नको.

चाक खड्ड्यात, वळण स्टिअरिंगला

आता स्टिअरिंगकडे वळू. आपल्या ट्रकमध्ये स्टिअरिंगच्या पेटीतून निघणारी भुजा पुढे-मागे हलते. तिला जोडलेला दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि त्याच बाजूच्या चाकाची भुजा ढकलतो किंवा ओढतो. पेटी गाडीच्या सांगाड्यावर बसवलेली असते, चाक मात्र स्प्रिंगेवर खालीवर होत असते. दांड्याचे एक टोक स्थिर आणि दुसरे हलणारे. म्हणजे हलणारे टोक वर्तुळाच्या कंसावर फिरणार.

दांडा ६० सेंमी. लांब आहे आणि तो आडवा, जमिनीला समांतर आहे असे धरा. चाक ८ सेंमी. वर उचलले गेले, तर पायथागोरसच्या सिद्धांताने दांड्याची आडवी लांबी √(३६०० − ६४) म्हणजे ५९.४६ सेंमी. होते. फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा.

पण स्प्रिंगा उंच केल्यामुळे दांडा तिरका झाला आणि त्याचे खालचे टोक २० सेंमी. खाली आले, तर? आता त्याची आडवी लांबी √(३६०० − ४००) = ५६.५७ सेंमी. आहे. चाक ८ सेंमी. वर उचलले गेले की ती √(३६०० − १४४) = ५८.७९ सेंमी. होते. फरक २.२ सेंमी., म्हणजे आधीच्या चौपट!

चाकाच्या भुजेची लांबी १६ सेंमी. धरली, तर पहिल्या स्थितीत चाक सुमारे २ अंशांनी वळते आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे ८ अंशांनी. चालकाने स्टिअरिंग घट्ट धरलेले असूनही हे घडते. (स्प्रिंगेबरोबर आसही थोडा पुढे-मागे सरकतो. त्यामुळे प्रत्यक्ष आकडे काहीसे बदलतील, पण प्रकार हाच.) पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.६ मीटर असेल, तर ८ अंश वळलेली चाके गाडीला साडेअठरा मीटर त्रिज्येच्या वळणावर नेऊ पाहतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने यासाठी लागणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दोन-तृतीयांश इतके येते. चाक खाली येईपर्यंतच हे घडत असले, तरी अरुंद रस्त्यावर समोरून गाडी येत असेल तर तेवढा क्षण पुरेसा आहे.

आडवा दांडा

यावरचा उपाय भूमितीतूनच निघतो. दांडा जितका लांब आणि जितका आडवा, तितका हा दोष कमी. म्हणून अशा ट्रकांत जुनी पेटी काढून टाकतात आणि त्याच कंपनीच्या १९८६ नंतरच्या ट्रकची पेटी बसवतात. या पेटीची भुजा पुढे-मागे न हलता डावी-उजवीकडे हलते. तिचा दांडा गाडीच्या रुंदीच्या दिशेने पलीकडच्या चाकाकडे जातो. हा दांडा ९० सेंमी. लांब आणि एका टोकाला १० सेंमी. उतरता असेल, तर चाक ८ सेंमी. उचलले गेल्यावर फरक किती पडेल? √(८१०० − ४) मधून √(८१०० − १००) वजा करा. उत्तर पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास येते. गाडी उंच राहिली आणि दोष मूळच्या जागी आला. डाग न लावता, काही न ताणता, केवळ दिशा बदलून मिळालेली ही सुधारणा आहे.

दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा म्हणजे टायरॉड. मूळ रचनेत तो आसाच्या मागे, खालच्या अंगाला असतो आणि दगडांवर आपटतो. म्हणून नव्या भुजा लावून तोही वर नेतात. मात्र भुजांचा कोन मनाला येईल तसा ठेवून चालत नाही. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर चालते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर. २.६ मीटर लांबीची आणि चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली गाडी ६ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर आतले चाक सुमारे २६ अंश आणि बाहेरचे सुमारे २१ अंश वळले पाहिजे. ही युक्ती जर्मन गाडी-कारागीर लँकेन्सपेर्गर याची. इंग्लंडमध्ये तिचे पेटंट १८१८ साली रूडोल्फ ॲकरमन याने घेतले आणि नावही त्याचेच रूढ झाले. भुजा बदलताना ही भूमिती बिघडली तर टायर रस्त्यावर घासत चालतात.

सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा किंचित मागे कललेला असतो, म्हणूनच चालती सायकल सरळ राहू पाहते. ट्रकचे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्यालाही असाच कल दिलेला असतो. स्प्रिंगा उंच करताना आस फिरला आणि हा कल कमी झाला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकू लागते. म्हणून उंची बदलली की हा कोन पुन्हा मोजलाच पाहिजे.

हिराच्या काडीचा धडा

पॉवर स्टिअरिंग असले की पंपाने दाबलेले तेल चालकाला मदत करते. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सत्तर-ऐंशी पट असू शकतो. हाताच्या जोराला मर्यादा होती. तेलाच्या जोरापुढे मात्र दांड्यांचीच कसोटी लागते.

खराट्यातील हिराची एक सरळ काडी घ्या. तिचा २० सेंमी. लांबीचा तुकडा किराणा दुकानातील ताणकाट्याऐवजी सपाट ताटलीच्या तराजूवर उभा धरा आणि वरून हळूहळू दाबा. काडी तुटण्याआधीच बाजूला वाकेल. त्या वेळचे वजन लिहून ठेवा. आता त्याच काडीचा १० सेंमी. लांबीचा तुकडा घेऊन तसेच करा. लांबी निम्मी झाली, पण वाकवण्यासाठी लागणारे वजन सुमारे चौपट येईल. लांब दांड्याची दाब सोसण्याची ताकद लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम स्विस गणिती ऑयलर (१७०७–१७८३) याने शोधून काढला.

आडव्या दांड्याची लांबी वाढवल्याने एक दोष गेला, पण दाबाखाली वाकण्याची भीती वाढली. म्हणून लांब दांड्यासाठी जाड भिंतीची, मोठ्या व्यासाची नळी वापरावी लागते. निसर्गातील बांबू हेच करतो.

भुजा जेथे चाकाच्या सांध्यावर बोल्टांनी बसवलेली असते, तेथेही एक गंमत आहे. बोल्टांनी बल थेट आडवे सोसावे अशी अपेक्षा नसते. त्यांनी दोन पृष्ठभाग इतके घट्ट दाबून धरायचे, की बल घर्षणानेच पेलले जावे. बोल्ट ढिले झाले की पृष्ठभाग सरकू लागतात, बोल्टांना दर वेळी कात्रीसारखे बल लागते आणि ते तुटतात. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा इकडेतिकडे वाकवला की तुटतो, तसाच हा प्रकार. म्हणून असे बोल्ट मोजलेल्या परिबलाने आवळतात आणि काही दिवसांनी पुन्हा तपासतात.

फ्यूज कोठे बसवायचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दांडा बळकट केला की पीळ दंतचक्रांवर जातो. दंतचक्रे बळकट केली की पोकळ नळीवर, आणि तीही बळकट केली की सांगाड्यावर. साखळीत सर्वांत अशक्त दुवा नेहमी असतोच. तो नाहीसा करता येत नाही. तो कोठे असावा, हे मात्र आपण ठरवू शकतो.

घरातील विजेच्या फ्यूजचा विचार करा. तार मुद्दाम अशक्त ठेवलेली असते. ती वितळते म्हणून घर वाचते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणी त्या जागी जाड तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी भिंतीतली वायर पेटते.

ट्रकच्या पुढच्या आसातही चाक फिरवणारा सांधा हा असा फ्यूज होऊ शकतो. तो तुटला तर गाडी जागच्या जागी अडते, वेळ जातो, पैसे खर्च होतात. परंतु स्टिअरिंग आणि ब्रेक हातात राहतात. स्टिअरिंगचा दांडा, भुजा किंवा बोल्ट तुटला तर गाडी कोठे जाईल हे चालकाच्या हाती उरत नाही. घाटातील वळणावर याचा अर्थ काय होतो, हे प्रत्येकाला कळते. म्हणून जाणकार अभियंता बळकटी देताना क्रम ठरवतो : आधी स्टिअरिंग आणि ब्रेक, मग ओझे पेलणारे भाग आणि सर्वांत शेवटी जोर पोहोचवणारे भाग. जोर आधी वाढवून स्टिअरिंग मागाहून पाहू म्हणणारा माणूस फ्यूज चुकीच्या जागी बसवत असतो.

याच कारणाने स्टिअरिंगचा वाकलेला दांडा तापवून सरळ करणे किंवा तुटलेली भुजा रस्त्याकडेच्या दुकानात वेल्डिंगने जोडणे कधीही योग्य नाही. तापवण्याने पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि जोडापाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा राहू शकतात. असा दांडा महिनाभर चालेलही, पण तो केव्हा दगा देईल याचा नेम नाही.

आपल्या रस्त्यांवर

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे या जातीच्या जीपगाड्या गावोगावी पोहोचल्या. त्यांच्या पुढच्या आसातही हेच गोल, हेच वाकून फिरणारे सांधे आणि हेच टायरॉड आहेत. अशी जुनी जीप तुमच्या गावात असेल, तर मालकाची परवानगी घेऊन, गाडी सपाट जागी बंद असताना, पुढच्या चाकांजवळ बसून निरीक्षण करा. एकाने स्टिअरिंग हळूहळू फिरवावे आणि दुसऱ्याने कोणता दांडा कोणत्या दिशेने सरकतो हे कागदावर काढावे. गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

भारतात गाडीत असे फेरफार करण्यावर कायद्याचे बंधनही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हे स्पष्ट केले. काही हौशी लोकांना हे बंधन जाचक वाटते. पण वरची गणिते पाहिलीत, तर त्यामागचा हेतू ध्यानात येईल. एक टायर बदलल्याने ब्रेक, वेगदर्शक, सांधे आणि स्टिअरिंगची भूमिती या साऱ्यांचे हिशेब बदलतात, आणि ते कोणीतरी बसून पुन्हा केले पाहिजेत. रस्त्यावर त्या गाडीच्या समोरून येणाऱ्या माणसाने त्या फेरफारांना संमती दिलेली नसते.

वर्गात चर्चेसाठी एक प्रश्न देतो. सायकल, शिवणयंत्र, विहिरीवरचा रहाट, पाण्याचा पंप यांपैकी एखादे यंत्र निवडा. त्यातील सर्वांत अशक्त दुवा कोणता, तो तुटला तर काय होते, आणि तो तेथे असणे योग्य आहे का, याचा शोध घ्या. शिवणयंत्राची सुई मोडते, पण यंत्र शाबूत राहते. सायकलची साखळी निसटली तर आपण पायी घरी जातो, पण ब्रेकची तार उतारावर तुटली तर? त्या तारेकडे आज संध्याकाळीच एकदा नीट पाहून घ्या.